दंतवैद्य तयार झाला, हे ठरवायचं कुणी?



अंबाजोगाईतली ही व्याख्यानमाला एका शाळामास्तरांच्या स्मरणार्थ चालते. बाराचा पाढा बिनचूक आल्याशिवाय ते तेराच्या पाढ्याला हात लावू देत नसत, असं त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. कुणाला दोन दिवस लागत, कुणाला पंधरा. मास्तरांना त्याची घाई नसे. ‘क्षमताधिष्ठित शिक्षण’ असं भारदस्त नाव त्यांनी या पद्धतीला दिलं नव्हतं. आज मी त्याच पद्धतीबद्दल बोलणार आहे, फक्त पाढ्यांच्या जागी दाढा आहेत.

दंतवैद्य कसा घडवायचा हा विषय दंतवैद्यांच्या परिषदेत शोभतो, इथे कशाला, असं एका स्नेह्यानं मला विचारलं. त्याला म्हटलं, दंतवैद्यकाचा विद्यार्थी हात बसवतो तो तुमच्याआमच्या तोंडात. त्याला काय यायला हवं हे ठरवताना तोंडवाल्यांना कुणी विचारलेलं नाही. म्हणून इथेच.

आधी हा विद्यार्थी घडतो कसा ते थोडक्यात सांगतो. बीडीएस हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्षाची इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, मेणाचे दात कोरणं. दुसऱ्या वर्षी औषधशास्त्र, रोगशास्त्र, आणि ‘फॅन्टम हेड’ नावाच्या नकली डोक्यावर ड्रिल चालवणं. त्यासाठी खरे दात लागतात, म्हणून विद्यार्थी गावातल्या दवाखान्यांतून काढलेले दात बरणीत गोळा करत फिरतात. तिसऱ्या वर्षापासून खुर्चीत खरा माणूस येतो. आणि माणसाबरोबरच येतो ‘कोटा’. हा शब्द नियमावलीत नसेल, पण प्रत्येक दंत महाविद्यालयाच्या जिन्यावर तो ऐकू येतो. इतके दात काढले पाहिजेत, इतक्या फिलिंग्ज, इतक्या कवळ्या. जर्नलमध्ये नोंद, खाली सरांची सही. इंटर्नशिपमध्ये शल्यविभागासाठी दात काढण्याचा आकडा ५० आहे. एकावन्नावा दात कसा काढला, याला गुण नाहीत. आणि एकोणपन्नासावर थांबलेला मुलगा सगळ्यात सुबक हाताचा असला तरी त्याचं काम अपुरं.

फडात मुकादम मोळ्या मोजतो, तसा हा हिशेब आहे. मोळी बांधली कशी, ऊस बुडाशी कापला की वर सोडला, हे निदान शेतमालक तरी बघतो. जर्नल बघणाऱ्याला तेवढीही सवड नसते.

कोट्याचे परिणाम आत राहिलेल्या सगळ्यांना माहीत आहेत. वाचवता येण्याजोगा दात, पण मुलाचे काढायचे दात कमी पडले आहेत. मग तो दात वाचत नाही. उलट, काढण्यालायक दाताची रूट कॅनॉल होते, कारण रूट कॅनॉलचा आकडा भरायचा आहे. ग्रामीण महाविद्यालयात रुग्णांचीच टंचाई असते, तेव्हा मुलं मावशीला, आत्याला, मेसच्या काकूंना घेऊन येतात. परीक्षेच्या दिवशी तर कवळीचा रुग्ण विद्यार्थ्यानंच एसटीचं भाडं आणि जेवण देऊन आणलेला असतो. तो आला नाही तर वर्ष गेलं. परीक्षक तयार कवळी बघतो. त्या म्हाताऱ्यानं ती कवळी घालून भाकरी खाल्ली का, हे महिन्याभरानं कळतं, आणि तेव्हा परीक्षा कधीच संपलेली असते.

गंमत म्हणजे, शेवटी काय यायला हवं याची यादी आपल्याकडे आहे. भारतीय दंत परिषदेच्या २००७ च्या नियमावलीत पदवीधरानं कोणकोणती कामं स्वतंत्रपणे करावीत याची विषयवार, लांबलचक यादी छापलेली आहे. यादी वाचून समाधान वाटतं. मग मूल्यमापनाचं प्रकरण वाचावं. तिथे थिअरी, व्हायवा, प्रात्यक्षिक, गुण. यादी एका प्रकरणात, परीक्षा दुसऱ्यात, आणि दोघांची गाठभेट कुठेच नाही.

जगात हा विचार पुढे कसा आला ते सांगतो, पण फार रेंगाळत नाही. अमेरिकेत १९२६ साली विल्यम गीझ यांच्या अहवालानं दंतवैद्यकाला दुकानदारी शाळांतून काढून विद्यापीठात आणलं. त्याचा फायदा झाला आणि एक तोटाही: वर्षं, तास आणि आकडे मोजणं म्हणजेच शिक्षण, अशी सवय लागली. १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतले डेव्हिड चेंबर्स यांनी विचारलं की विद्यार्थी किती कामं करून गेला यापेक्षा उद्या एकटा बसून काय करू शकेल हे का बघत नाही? त्याच सुमारास, १९९० मध्ये, जॉर्ज मिलर यांनी चार पायऱ्या मांडल्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि रोजच्या कामात प्रत्यक्ष करतो. आपली लेखी परीक्षा पहिल्या पायरीवर, व्हायवा दुसरीवर, प्रात्यक्षिक कसंबसं तिसरीवर. चौथी पायरी, जिच्यावर रुग्ण उभा असतो, ती कुणी तपासत नाही. नेदरलँड्सच्या ओले टेन काटे यांनी २००५ मध्ये आणखी साधा प्रश्न दिला: हे काम मी या मुलीवर सोपवून दुसऱ्या खोलीत जाऊ शकतो का? मला हा प्रश्न सगळ्यांत आवडतो. यात गुण नाहीत, विश्वास आहे. आणि विश्वास ठेवणाऱ्याची जबाबदारीही आहे.

पण चेंबर्स, मिलर, टेन काटे या तिघांच्याही आधी, १९७८ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं या विषयावर एक छोटं पुस्तक काढलं होतं. त्यात म्हटलं होतं की असं शिक्षण घेतलेला वैद्य स्थानिक परिस्थितीला धरून, स्थानिक गरजा भागवील, ठरलेल्या दर्जाचं काम करील. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत या व्याख्येतला ‘दर्जा’ सगळ्यांनी उचलला. ‘स्थानिक’ मात्र वाटेत कुठेतरी गळून पडलं. माझं आजचं सगळं म्हणणं त्या गळून पडलेल्या भागाबद्दल आहे.

१९७८ हेच अल्मा-आटाच्या जाहीरनाम्याचंही वर्ष. त्या जाहीरनाम्यामागे जगभरातले जे थोडे प्रयोग होते, त्यांतला एक आपल्या बीड जिल्ह्याच्या सीमेवर होता. पाटोदा-आष्टीपलीकडे जामखेड. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले आणि त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्यांना अभ्यासक्रमाची वर्षं नव्हती, परीक्षेचा दिवस नव्हता. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एखादी गोष्ट शिकत, गावात जाऊन करत, पुढच्या आठवड्यात काय झालं ते सांगत. जे जमलं ते त्यांच्यावर सोपवलं जाई, जे जमलं नाही ते पुन्हा. बाळाचं वजन घेणं, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी देणं, बाळंतपणातला धोका ओळखणं. कुणाला काय येतं हे डॉक्टर ठरवत, आणि गावही ठरवत असे, कारण तिच्या हातून बाळ वाचलं की नाही हे गावाला दिसत होतं. जगातल्या वैद्यकीय शिक्षणाच्या परिषदांत ज्याला नवा विचार म्हणतात, तो पन्नास वर्षांपूर्वी इथून एसटीच्या अंतरावर निरक्षर बायकांच्या हाती चालू होता. आपल्या महाविद्यालयांनी तो बघायला जायचं मनावर घेतलं नाही, एवढंच.

मग बीडच्या स्थानिक गरजा कोणत्या? इथे मला जरा थांबावं लागेल.

समजा, वडवणी तालुक्यातली एक बाई आहे. पस्तिशीची. दसरा झालाय. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली आहे, नवरा-बायको मिळून एक कोयता. आठ दिवसांनी टोळी निघणार, थेट गुढीपाडव्यानंतर परत. खालची दाढ दुखते. ती खुर्चीत बसते आणि म्हणते, ‘डॉक्टर, काढून टाका.’

विद्यार्थ्याच्या डोक्यात दोन गोष्टी येतात: काढली तर दात काढण्याच्या कोट्यात एक, रूट कॅनॉल केली तर त्या कोट्यात एक. त्याला शिकवलेली आदर्श रूट कॅनॉल तीन-चार खेपांत होते, वर कॅप. ही बाई तीन-चार खेपा येणार नाही. हे त्याला कळतं, तो दाढ काढतो, सही घेतो. काम तांत्रिकदृष्ट्या उत्तम.

आता क्षमता म्हणजे काय ते बघा. आधी एक्स-रे. दाढ वाचण्याजोगी आहे का? असेल, तर बऱ्याच दाढांची रूट कॅनॉल एकाच बैठकीतही करता येते. त्यावर मजबूत फिलिंग भरून कॅप पाडव्यानंतरवर ढकलता येते. हे तिला तिच्या भाषेत सांगता आलं पाहिजे, खर्चासकट. दाढ वाचण्याजोगी नसेल, तर ती आजच काढली पाहिजे, निघायच्या आदल्या दिवशी नाही. कारण तंबाखू, मिसरी लावणाऱ्या माणसाच्या काढलेल्या दाताची खाच कोरडी पडून असह्य ठणका लागण्याचा धोका जास्त असतो, आणि तो ठणका साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू होतो. आज काढली तर तो ठणका वडवणीत लागेल, जिथे ती परत येऊ शकते. आदल्या दिवशी काढली तर तो लागेल कुठल्यातरी फडात, कोपीत. तिथे एक दिवस न गेलं तर खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. बाई वेदनाशामक गोळी घेऊन कोयता चालवेल. दात काढण्याच्या कौशल्यात या दोन तारखांमधला फरक बसत नाही. दंतवैद्याच्या क्षमतेत तो बसलाच पाहिजे.

त्याच बाईला विद्यार्थी विचारतो, ‘तंबाखू खाता का?’ ती म्हणते, ‘नाही.’ खरंच सांगते. मिसरी ती तंबाखूत धरत नाही. तिच्या लेखी ती दात घासायची पूड. म्हणून विचारायचं, ‘दात कशानं घासता? दिवसातून किती वेळा?’ मग ती सांगते, सकाळी, दुपारी, रात्री निजताना. हा प्रश्न विचारता येणं ही क्षमता. हिची परीक्षा माझ्या माहितीत कुठे होत नाही.

तोंडाच्या कर्करोगाच्या बाबतीत तर महाराष्ट्राकडे फार मोठी पुण्याई आहे. तोंड हळूहळू आवळत जातं, उघडेनासं होतं, त्या विकाराचं ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ असं नाव प्रथम रुजवणारे डॉ. एस. जी. जोशी मुंबईचे, साल १९५३. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. अहवाल १९७२ चा. त्यांच्याच गटानं केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या खेड्यांत सुमारे ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना घरोघरी जाऊन, पुन्हा पुन्हा समजावलं. त्याचे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले: समजावून सांगितल्यानं लोक तंबाखू सोडतात आणि तोंडातले कर्करोगपूर्व पांढरे चट्टे कमी होतात. म्हणजे बोलणं हा उपचार आहे, हे चाळीस वर्षांपूर्वी आपल्याच देशात सिद्ध झालंय. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि कुठल्याही बसस्थानकामागे तो मिळतो, हेही तुम्हाला माहीत आहे. तेव्हा बंदीच्या भरवशावर बसता येत नाही. अठरा वर्षांचा मुलगा खुर्चीत बसला, तोंडात त्याचीच तीन बोटं उभी जातात का ते बघितलं, दोनच गेली, तर त्या मुलाशी पुढची दहा मिनिटं काय बोलायचं? आपल्या पदवीधराला याची सवय नाही. त्याला गुण मिळाले होते फिलिंगचे.

फ्लोराइडचं तसंच. मराठवाड्यात बोअर जितकी खोल जात गेली तितकं पाण्यातलं फ्लोराइड काही गावांत वाढलं. मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, पालक म्हणतात कीड लागलीय. कीड समजून ड्रिल चालवणारे दंतवैद्य मी पाहिले आहेत. पहिला प्रश्न ‘लहानपणी पाणी कुठलं प्यायचा?’ असा असायला हवा.

आता जरा कडू बोलतो. कुणाला वाटेल, क्षमता म्हणजे कौशल्य, आणि कौशल्य वाढलं की प्रश्न मिटतात. बीड जिल्ह्यानं याच्या उलट अनुभव घेतलाय. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७. राज्यात सगळ्यांत कमी. हे करणाऱ्यांच्या हातात कौशल्याची कमतरता नव्हती. २०१९ मध्ये आरोग्य विभागानं ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. या प्रकरणी विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये म्हणून गर्भाशय काढण्यापर्यंत गोष्ट गेली होती. या शस्त्रक्रियांचे टाके नीट पडले असतील. प्रश्न टाक्यांचा नव्हता. कापायचं कधी आणि कापायचं नाही कधी, याचा होता.

दंतवैद्यकात सहसा जीव जात नाही म्हणून ही गोष्ट छोटी वाटते. पण रुग्ण घाईत आहे, पैसे नाहीत, आणि अवयव काढणं सोपं आहे, ही सगळी परिस्थिती दोन्हीकडे सारखीच आहे. म्हणून मी म्हणतो, बीडमध्ये शिकणाऱ्या दंतवैद्याच्या क्षमतांच्या यादीत पहिलं वाक्य हवं: न करता थांबता येणं. कोटा पद्धतीत थांबणाऱ्याला शून्य मिळतं. हा नुसता उणेपणा नाही, हा अन्याय आहे.

वैद्यकीय शाखेनं निदान सुरुवात केली. २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. इथल्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातही तोच आहे. वृत्ती, नीती आणि संवाद यांचे स्वतंत्र तास आले. यादीचे तीन जाडजूड खंड आले. आणि आली लॉगबुकं. तिथल्या तरुण मित्रांशी बोललो की कळतं, लॉगबुकातल्या सह्या पुष्कळदा महिनाअखेरीस एका बैठकीत होतात. जुना कोटा गेला, नवा चौकटीत टिक करण्याचा कोटा आला. दंतशाखा आता हा रस्ता धरेल, तेव्हा तिनं निदान ही चूक बघून पाऊल टाकावं.

२०२३ मध्ये संसदेनं राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. त्यात शेवटच्या वर्षाला देशभर एकच परीक्षा घेण्याची तरतूद आहे. एका अर्थानं बरं आहे, कॉलेजाकॉलेजांतला फरक कळेल. पण ती पर्यायी उत्तरांची परीक्षा असेल तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. शेजारी लातूर आहे. परीक्षा कशी सर करायची हे लातूर पॅटर्ननं सगळ्या देशाला शिकवलंय, आणि त्या मुलांच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे. पण दात काढता येतो का, आणि न काढता थांबता येतं का, हे चार पर्यायांतून कळत नाही. डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्येच त्यावर उपाय सुचवला होता: विद्यार्थी एकामागून एक टेबलांवर जातो, प्रत्येक टेबलावर एक ठरलेलं काम, तेवढंच काम आधी ठरलेल्या तक्त्यावर तपासलं जातं. एका टेबलावर मिसरी लावणारी बाई बसवा, तिच्याकडून खरं काढून दाखव म्हणा. हे अवघड नाही. यासाठी लागतो परीक्षकांचा एक दिवस, आणि तो आपल्याला द्यायचा नसतो.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. ‘म्हणजे खेड्यातल्यांसाठी वेगळा, हलक्या दर्जाचा दंतवैद्य?’ आक्षेप खरा आहे आणि जुना आहे. पण माझं म्हणणं उलट आहे, आणि एका उदाहरणानं सांगतो. ऐंशीच्या दशकात टांझानियात यो फ्रेंकेन या डच दंतवैद्यानं वीज नसलेल्या ठिकाणी कीड काढायची पद्धत बसवली. ड्रिल नाही, हाताच्या अवजारांनी मऊ कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर भरायचं. एआरटी म्हणतात तिला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ग्लास आयोनोमर आणि कीड थांबवणारं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आवश्यक औषधांच्या यादीत घातलं. एआरटी करायला ड्रिलपेक्षा हाताला जास्त नेम लागतो. किती खरवडायचं आणि कुठे थांबायचं हे फक्त बोटाला कळतं. सिल्व्हरनं दाताचा किडलेला भाग काळा पडतो. ते मुलाच्या आईला आधी सांगून, पटवून, मग लावायचं. भारनियमनाच्या जिल्ह्यात, आश्रमशाळेच्या ओट्यावर चाळीस मुलांना हे करता येणं ही वरच्या दर्जाची क्षमता आहे. अनेक ठिकाणी विद्यार्थी पुस्तकात दोन परिच्छेद वाचून मोकळा होतो.

आता शेवटचं आणि कामाचं. इंटर्नशिपच्या १२ महिन्यांपैकी ३ महिने सामाजिक दंतवैद्यक आणि ग्रामीण सेवेसाठी आहेत. कुठल्याही विभागाला एवढे मिळत नाहीत. हा ठेवा आपण शिबिरात उडवतो. बॅनर लागतो, शंभर तोंडं बघितली जातात, फुकट टूथपेस्ट वाटली जाते, फोटो निघतो, आणि कुठल्या मुलाला त्या दिवशी काय जमलं हे कुणी लिहून ठेवत नाही.

वेळ लवचिक ठेवायचा तर ते सगळ्या अभ्यासक्रमात जमणार नाही. विद्यापीठाचं वेळापत्रक आहे, फीची गणितं आहेत. पण या तीन महिन्यांत जमतं. अंबाजोगाईचं महाविद्यालय ग्रामीण आहे म्हणून तर आपण त्याचा अभिमान सांगतो; बीड शहरात दंत महाविद्यालय आहे; जिल्ह्यात अकरा तालुके आणि त्यांची ग्रामीण रुग्णालयं आहेत. पाच-सहा कामं ठरवा. तंबाखू-मिसरीवाल्याचं तोंड तपासून पुढचा मार्ग सांगणं. वीज नसताना करता येईल आणि टिकेल असं फिलिंग. हंगामावर निघणाऱ्याचं वेळापत्रक धरून उपचार आखणं. मधुमेह, रक्तदाब असलेल्याचा दात सुरक्षित काढणं, आणि खुर्चीत चक्कर आलेल्या माणसाला सावरणं. दात न काढण्याचा सल्ला देऊन रुग्णाला समाधानानं परत पाठवणं. प्रत्येक काम वरिष्ठानं बाजूला उभं राहून दोन-तीनदा वेगवेगळ्या रुग्णांवर बघावं. सोपवता येतं असं वाटलं की सोपवावं. नाही वाटलं तर त्या मुलाला आणखी एक महिना थांबवावं, कमीपणा न देता. जो आधी तयार होईल त्याला पुढचं अवघड काम द्यावं. पाडव्यानंतर टोळ्या परत आल्या की दसऱ्याला केलेली फिलिंग्ज टिकली का ते बघावं, आणि तो निकाल विद्यार्थ्याला कळवावा. तो तोवर पदवीधर होऊन गेला असेल तरी कळवावा.

आणि मूल्यमापनात रुग्णाला जागा द्यावी. ‘डॉक्टरनं काय करणार ते सांगितलं का? दुसरा इलाज आहे का हे सांगितलं का? परत यायचं कधी ते कळलं का?’ असे तीन प्रश्न बाहेर पडताना आशा कार्यकर्तीनं विचारले तरी पुरेत. आमच्या व्यवसायातल्या काहींना हे अपमानास्पद वाटेल. मला वाटत नाही.

इथे बसलेल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की नियम बदलण्याची वाट न बघता येत्या इंटर्नशिपच्या तुकडीपासून हे एका तालुक्यात करून बघा. यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. आणि बाकीच्यांना विनंती अशी, की उद्या शिकाऊ डॉक्टर तुमच्या तोंडात हात घालील तेव्हा तोंड उघडण्याआधी विचारा: हे तुम्ही सरांच्या समोर किती वेळा केलंय, आणि न करता दुसरं काही होईल का?